औषध दिलं एकच, रेझिस्टन्स सहा औषधांना: कासदाहाच्या दुधातला ई. कोलाय (आटपाडी)

माणगंगा_लॅब (प्रश्न)

आटपाडी तालुक्यातला गोठा, १४ एचएफ संकरित गाई. एका गाईच्या मागच्या डाव्या सडाच्या दुधातून ई. कोलाय आला. डिस्कचे आकडे देतोय. कंसाबाहेर डिस्कची ताकद मायक्रोग्रॅममध्ये, कंसात झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, लहान म्हणजे औषध चालत नाही) मि.मी.मध्ये.

अँपिसिलिन १० (६, म्हणजे झोनच नाही), सेफोटॅक्सिम ३० (१४), सेफोटॅक्सिम-क्लॅव्युलॅनिक ॲसिड ३०/१० (२५), सेफ्टाझिडिम ३० (१६), टेट्रासायक्लिन ३० (८), स्ट्रेप्टोमायसिन १० (८), को-ट्रायमॉक्साझोल १.२५/२३.७५ (६), जेंटामायसिन १० (१९), क्लोरॅम्फेनिकॉल ३० (२२), मेरोपेनेम १० (२८).

गोठ्याच्या वहीत वर्षभरात सेफ्ट्रायाक्सोनशिवाय दुसऱ्या अँटिबायोटिकची नोंद नाही. सेफोटॅक्सिम त्याच कुळातलं, ते गेलं ते समजलं. पण स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि सल्फा (को-ट्रायमॉक्साझोलमधलं एक औषध) यांचे रेझिस्टन्स कुठून आले? गोठ्याच्या तिन्ही बाजूंना डाळिंब आहे आणि तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लिन मारतात. त्याचा हात असेल का?

मालकाचा प्रश्न सरळ आहे: सेफ्ट्रायाक्सोन बंद केलं तर हे जाईल का, आणि किती दिवसांत? उपचार चालू असलेल्या गाईचं दूध वासरांना पाजतात आणि शेण बागेत जातं, हेही सांगून ठेवतो.

इंटिग्रॉन_मिरज

औषधापुढे औषध मांडून हिशेब करायला गेलात तर ताळा लागणार नाही. हे जीन सुटे फिरत नाहीत, गाठोड्यानं फिरतात. डबा पिशवीत, पिशवी ट्रंकेत आणि ट्रंक एसटीच्या टपावर, असा प्रकार आहे.

सगळ्यात आतला डबा म्हणजे जीन कॅसेट. एक जीन आणि त्याच्या शेपटाशी अॅटसी नावाची छोटी जागा, एवढाच ऐवज. या कॅसेटला बहुधा स्वतःचा प्रमोटर (जीनचं वाचन सुरू करून देणारी जागा) नसतो, म्हणजे एकटी पडली तर ती मुकीच. तिला बोलतं करतो इंटिग्रॉन. त्यातलं इंटिग्रेज (जीनचं नाव इंटआय१) कॅसेट उचलून अॅटआय या जागेवर बसवतं, आणि ओळीनं बसलेल्या साऱ्या कॅसेटी एकाच प्रमोटरवर चालतात. प्रमोटरला लागून असलेली जोरात वाचली जाते, मागची हळू.

क्लास १ इंटिग्रॉनच्या दुसऱ्या टोकाला सल१ हा सल्फाविरोधी जीन बहुतेक वेळा कायमचा ठोकलेला असतो. मधल्या जागेत ई. कोलायमध्ये हमखास भेटणारी जोडी म्हणजे डीएफआरए१७ आणि एएडीए५. पहिला ट्रायमेथोप्रिम निकामी करतो, दुसरा स्ट्रेप्टोमायसिन आणि स्पेक्टिनोमायसिन. आता तुमचा तक्ता परत वाचा. को-ट्रायमॉक्साझोलमधली दोन्ही औषधं आणि स्ट्रेप्टोमायसिन, तिन्हींचा बंदोबस्त डीएनएच्या एका सलग तुकड्यावर.

इंटिग्रॉनला स्वतःचे पाय नाहीत. तो टीएन२१ जातीच्या ट्रान्सपोझॉनमध्ये बसतो. ट्रान्सपोझॉन एका डीएनएवरून दुसऱ्यावर उडी मारतो, पण पेशीबाहेर तोही जात नाही. पेशीबाहेर नेणारी एसटी म्हणजे प्लाझ्मिड (गुणसूत्राहून वेगळं डीएनएचं कडं), ई. कोलायमध्ये बहुतेकदा आयएनसी-एफ किंवा आयएनसी-आय१ कुळातला. सेफोटॅक्सिम तोडणारा सीटीएक्स-एम जीनही तिथंच येऊन बसतो. हा जीन मुळात क्लुयव्हेरा नावाच्या, फारशा त्रासदायक नसलेल्या जंतूच्या गुणसूत्रावरचा. आयएसईसीपी१ या इन्सर्शन सिक्वेन्सनं (जागा बदलणारा डीएनएचा छोटा तुकडा) शेजारचा तुकडा सोबत ओढून तो उचलला, वर स्वतःचा तगडा प्रमोटरही पुरवला. यातला सीटीएक्स-एम-१५ पहिल्यांदा दिल्लीच्या नमुन्यांत सापडला, २००१ साली प्रसिद्ध झाला. टेट्रासायक्लिन बाहेर उपसणारा टेटए याच आयएनसी-एफ प्लाझ्मिडांवर वरचेवर दिसतो.

थोडक्यात, सेफ्ट्रायाक्सोनचं एक इंजेक्शन दिलं की सीटीएक्स-एम असलेला जंतू टिकतो आणि प्लाझ्मिडवरचे बाकीचे प्रवासी फुकटात टिकतात. स्ट्रेप्टोमायसिन त्या गोठ्यात कुणी आणलंच पाहिजे असं नाही.

आता वेग. काँजुगेशनमध्ये, म्हणजे एका जंतूनं दुसऱ्याला प्लाझ्मिड देताना, देणारा जंतू पायलस (केसासारखी नळी) टाकून दुसऱ्याला जवळ ओढतो, रिलॅक्सेज एन्झाइम प्लाझ्मिडला ओरिटी या जागी चीर देतं आणि डीएनएचा एक धागा पलीकडे सरकतो. दोन्हीकडे जोडीचा धागा भरला जातो, त्यामुळे देणाऱ्याचं काही कमी होत नाही. ई. कोलायचं सुमारे ४६ लाख बेसचं अख्खं गुणसूत्र या वाटेनं जायला १०० मिनिटं लागतात. त्या वेगानं १ लाख बेसचा प्लाझ्मिड दोन-सव्वादोन मिनिटांत पार. जपानमध्ये १९५०च्या दशकात हगवणीच्या शिगेला जंतूत सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन असे चार रेझिस्टन्स एकदम दिसू लागले, ते कोडं सुटलं ते याच वाटेनं. १९५९ साली तिथल्या संशोधकांनी चारही एकत्र दुसऱ्या जंतूत जाताना दाखवले.

"बंद केलं तर जाईल का" याला उत्तर: आपोआप जाईल या भरवशावर राहू नका. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात माणसांसाठी सल्फाचा वापर वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास प्रिस्क्रिप्शनांवरून सात हजारांवर आला. तरी ई. कोलायमधला सल्फा रेझिस्टन्स १९९१ला ३९.७ टक्के होता तो १९९९ला ४६ टक्के निघाला. शेजारी बसलेल्या जीनांमुळे तो टिकून राहिला. शिवाय आयएनसी-एफ प्लाझ्मिड स्वतःची सोय करून असतात. विष आणि उतारा अशी प्रथिनांची जोडी ते बनवतात. विष टिकाऊ, उतारा लवकर नासणारा. प्लाझ्मिड हरवलेल्या पिलू-पेशीत उतारा संपतो, विष उरतं आणि ती मरते. सोडचिठ्ठी घेणाऱ्याचाच गळा घोटला जातो म्हणा ना.

प्लेट_आणि_लूप

वरचं सगळं मान्य, पण ते जीनचं बोलणं झालं. आधी प्लेट खरी बोलतेय का ते बघू.

नमुना एकाच जंतूचा आहे ना? मॅक्काँकी माध्यमावर दोन जातींच्या गुलाबी वसाहती एकत्र उचलल्या तर दोघांचा रेझिस्टन्स एकाच्या नावावर चढतो. एक सुटी वसाहत परत मॅक्काँकीवर ओढा आणि तिच्यावरून डिस्क पुन्हा लावा. दुधाच्या ब्लड अगार प्लेटवर तीन किंवा जास्त प्रकारच्या वसाहती असतील तर नमुनाच बाद समजा, तो सडाच्या कातडीचा किंवा शेणाचा आहे. नमुना घेताना पहिल्या तीन धारा टाकून द्यायच्या आणि सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्यानं, बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं. पुसताना लांबचा सड आधी, नमुना घेताना जवळचा आधी, म्हणजे पुसलेल्या सडाला मनगट घासत नाही. बर्फात ठेवून २४ तासांत लॅबला.

डिस्कसाठीचं म्युलर-हिंटन माध्यम ४ मि.मी. जाड हवं, ९० मि.मी.च्या प्लेटला साधारण २५ मि.ली. जंतूंचं सस्पेन्शन ०.५ मॅकफरलँड (गढूळपणाचं माप), कापूसकाडी फिरवल्यापासून १५ मिनिटांत डिस्क, ३५ अंशाला १६ ते १८ तास. दाट सस्पेन्शन हा नेहमीचा चोर, तो सगळेच झोन आखडवतो. पण तुमचे जेंटामायसिन १९, क्लोरॅम्फेनिकॉल २२ आणि मेरोपेनेम २८ आहेत, त्यामुळे इथं तो नसावा. माध्यमाचा पीएच ७.२ ते ७.४च्या खाली घसरला तर स्ट्रेप्टोमायसिनचा झोन खोटा लहान दिसतो, पण त्याच वेळी टेट्रासायक्लिनचा खोटा मोठा होतो. तुमचे दोन्ही लहान, म्हणजे पीएचही सुटला.

संशय एकाच ठिकाणी आहे, को-ट्रायमॉक्साझोल. माध्यमात थायमिडिन जास्त असेल तर जंतू त्यावर गुजराण करतो आणि झोन गायब होतो. एंटेरोकोकस फीकॅलिस एटीसीसी २९२१२ हा तपासणीचा प्रमाण जंतू लावून बघा. त्याला या डिस्कभोवती २० मि.मी. किंवा जास्त स्वच्छ झोन मिळाला तर माध्यम ठीक. सोबत ई. कोलाय २५९२२ हा प्रमाण जंतू रोजचाच, त्याचे झोन असे यायला हवेत: सेफोटॅक्सिम २९–३५, टेट्रासायक्लिन १८–२५, स्ट्रेप्टोमायसिन १२–२०, को-ट्रायमॉक्साझोल २३–२९.

क्लॅव्युलॅनिकनं झोन ११ मि.मी.नं वाढला. ५ पुरेसे असतात. ईएसबीएल (सेफोटॅक्सिमसारखी औषधं तोडणारं एन्झाइम) पक्का. (क्लॅव्युलॅनिकच्या डिस्क उणे २०ला ठेवा. लाइट जाऊन फ्रीज दिवसभर बंद राहिला की ते मरतं, आणि मग ईएसबीएल असून "नाही" असा रिपोर्ट जातो.)

आणि एक स्वस्तातली युक्ती. गोनोरियासाठी मिळते ती १०० मायक्रोग्रॅमची स्पेक्टिनोमायसिन डिस्क, तुमचा जंतू आणि २५९२२ शेजारीशेजारी. एएडीए असेल तर स्ट्रेप्टोमायसिन आणि स्पेक्टिनोमायसिन दोन्ही जातात. एसटीआरए-एसटीआरबी ही जीनांची दुसरी जोडी असेल तर फक्त स्ट्रेप्टोमायसिन जातं. पीसीआरआधी निम्मं उत्तर हातात.

डाळिंब_आणि_जंतू

बागेबद्दल. स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट आणि १० टक्के टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड असतं. म्हणजे तुमच्या तक्त्यातली दोन औषधं गोठ्याच्या कुंपणाशी फवारली जातात, मग बागेला निर्दोष कसं म्हणायचं? एसटीआरए-एसटीआरबी वाहून नेणारा टीएन५३९३ हा ट्रान्सपोझॉन पहिल्यांदा सापडला तो अमेरिकेतल्या मिशिगनच्या सफरचंद बागांत, एर्विनिया अमायलोव्होरा या झाडाच्या रोगजंतूत, १९९३ साली. तीच जोडी आरएसएफ१०१० या जेमतेम ८.७ हजार बेसच्या प्लाझ्मिडावर, सल२च्या शेजारी, जनावरांच्या आणि माणसांच्या जंतूंत आढळते. झाडाचा जंतू, गाईचा जंतू असा भेद या तुकड्यांना कळत नाही. आरएसएफ१०१० स्वतः पायलस बनवत नाही, पण पेशीत दुसरा काँजुगेटिव्ह प्लाझ्मिड असला की त्याच्या पुलावरून तो पलीकडे जातो.

पानावरचं औषध पावसानं धुऊन मातीत उतरतं, तिथं आधीच शेणखत असतं. औषध, शेणातले जंतू आणि मातीतले जंतू एका जागी. यापेक्षा चांगला बाजार कुठं भरणार?

इंटिग्रॉन_मिरज

बाजार भरतो हे खरं. पण एसटीआरए-एसटीआरबी सापडली म्हणून ती डाळिंबावरून आली असं ठरत नाही. ती जोडी आता इतकी जुनी आणि पसरलेली आहे की आटपाडीत सापडली तरी आणि कोयनेच्या जंगलात सापडली तरी नवल नाही. दिशा सिद्ध करायची तर बागेतल्या मातीच्या आणि गोठ्याच्या जंतूंतला प्लाझ्मिड पूर्ण वाचून ताडून बघावा लागेल. आधी स्पेक्टिनोमायसिन येऊ दे.

माणगंगा_लॅब

सुटी वसाहत घेऊन पुन्हा लावलं. आकडे एक-दोन मि.मी.च्या फरकानं तेच. २९२१२ला को-ट्रायमॉक्साझोलचा झोन २४, माध्यम ठीक. स्पेक्टिनोमायसिन: २५९२२पेक्षा आपल्या जंतूचा झोन १२ मि.मी.नं लहान. म्हणजे एएडीए?

सगळे जीन एकाच प्लाझ्मिडवर आहेत हे कसं दाखवायचं? आणि डॉक्टरांपैकी कुणी गोठ्याचं सांगा, मालक रोज फोन करतोय.

प्लेट_आणि_लूप

हो, एएडीए. एसटीआरए-एसटीआरबीही जोडीला असू शकते, ती या डिस्कनं दिसत नाही. इंटआय१ची पीसीआर करा, मग कॅसेटच्या दोन्ही बाजूंच्या पक्क्या भागांवरचे प्रायमर (जिथून प्रत काढायला सुरुवात होते ते डीएनएचे छोटे तुकडे) वापरून दुसरी. पट्टी सुमारे १ हजार बेसला आली तर बहुधा एकटा एएडीए१, १६००–१७००ला आली तर डीएफआरए-एएडीए जोडी, १९००च्या आसपास आली तर डीएफआरए१२-एएडीए२. इंटआय१ पॉझिटिव्ह आणि पट्टीच नाही, असंही होतं. आयएस२६ या इन्सर्शन सिक्वेन्सनं पलीकडचं टोक खाल्लेलं असलं की दुसरा प्रायमर बसायला जागाच नसते. तो निकाल निगेटिव्ह म्हणून लिहू नका.

एकत्र जातात का ते बघायला काँजुगेशन. घेणारा जंतू अझाइड सोसणारा ई. कोलाय जे५३. दोघांचं ताजं, वाढीला लागलेलं कल्चर मिसळा आणि ३७ अंशाला न हलवता ठेवा. शेकरवर ठेवलं तर पायलस तुटतात आणि हाती शून्य येतं. पहिल्यांदा करणाऱ्यांचं इथंच फसतं. मग सोडियम अझाइड १०० आणि सेफोटॅक्सिम २ मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. असलेल्या प्लेटवर पसरा. एकटा देणारा आणि एकटा घेणारा, अशा दोन कंट्रोल प्लेट हव्यातच, कारण देणाऱ्यातलेही काही जंतू आपोआप अझाइड सोसायला लागतात आणि तुम्ही त्यांनाच यश समजून बसता. नवीन वसाहतींवर सगळ्या डिस्क परत लावा. टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि को-ट्रायमॉक्साझोल सेफोटॅक्सिमसोबत गेले असतील तर गाठोडं एकच, किंवा दोन गाठोडी एकदम गेली. तो फरक लाँग-रीड सिक्वेन्सिंगशिवाय (डीएनए लांब तुकड्यांत वाचल्याशिवाय) मिटत नाही.

अझाइड विषारी आहे. आणि उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही. तांब्या-शिशाच्या पाइपात त्याचे स्फोटक क्षार साचतात.

माणदेशी_पशुवैद्य

मालकाला सांगायचं ते असं.

पहिलं, वासरांचं. हे आजच थांबलं पाहिजे, बाकी सगळं नंतर. कासेत जंतू मोजकेच असतात. खरी देवघेव आतड्यात होते, तिथं ते दाटीनं एकमेकांना चिकटून राहतात. सेफ्ट्रायाक्सोन टोचलं तरी त्याचा बराच भाग पित्तावाटे आतड्यात उतरतो, म्हणजे गाईच्या आतड्यात रेझिस्टंट जंतूंची निवड आपण करतोच आहोत. वर तेच दूध वासराला पाजलं की अर्धवट ताकदीचं औषध आणि रेझिस्टंट जंतू, दोन्ही एका बाटलीतून जातात. दूध ६३ अंशाला अर्धा तास तापवलं तर ई. कोलाय मरतो, औषध मात्र उरतं. त्यामुळे "उकळून पाजतो" हे उत्तर होत नाही. पहिला चीक द्यायचाच, पुढे उपचार नसलेल्या गाईचं दूध. लेबलवरचा दूध टाकायचा काळ संपेपर्यंतचं दूध शेणाच्या तापलेल्या ढिगात, विहिरीपासून लांब. गोबरगॅसमध्ये ओतू नका, तिथले मिथेन करणारे जंतू मंदावतात.

दुसरं, इंजेक्शन. ई. कोलायचा सौम्य कासदाह, म्हणजे दुधात गुठळ्या आणि सडाला सूज पण गाय खातेय आणि ताप नाही, बऱ्याचदा अँटिबायोटिकशिवाय काही दिवसांत ओसरतो. वरचेवर धार काढणं आणि मेलॉक्सिकॅम किलोला ०.५ मिलिग्रॅम. गाय बसली, थंड पडली, डोळे खोल गेले तर तो वेगळा खेळ. तिथं शिरेतून सलाइन लागतं, आणि अँटिबायोटिक कोणतं ते डिस्क बघून पशुवैद्य ठरवतील. त्यातही जेंटामायसिनचा झोन चांगला दिसतो म्हणून लगेच तिकडं उडी नको, ते मूत्रपिंडात महिनोन्‌महिने साठून राहतं. कोलिस्टिनचा विचारही नको. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत ते भारतात जुलै २०१९पासून बंद आहे, आणि बंद का केलं त्याचं कारण हाच धागा: एमसीआर-१ हा कोलिस्टिनविरोधी जीन २०१५ साली चीनमध्ये प्लाझ्मिडावर सापडला.

सांगलीची हळद असल्यावर लेपाचा विषय निघणारच, म्हणून आधीच लिहितो. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम हा लेप सुरुवातीच्या सुजेला वापरायला हरकत नाही. त्यानं एखादं इंजेक्शन वाचलं तर तेवढी निवड टळली. प्लाझ्मिड मात्र त्यानं हलत नाही.

तिसरं, सड. धारेनंतर ०.५ टक्के आयोडीनमध्ये सड बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील. सडाचं छिद्र मिटायला तेवढा वेळ लागतो. ई. कोलाय खालच्या शेणातूनच वर चढतो.

"फक्त सेफ्ट्रायाक्सोन बंद" एवढ्यानं भागत नाही याला डेन्मार्कचा दाखला आहे. तिथं ॲव्होपार्सिन (जनावरांच्या खाद्यात घालायचं, व्हँकोमायसिनच्या कुळातलं औषध) १९९५ला बंद झालं. कोंबड्यांतला व्हँकोमायसिन-रेझिस्टंट एंटेरोकोकस उतरला, डुकरांतला उतरेना. कारण तिथं टायलोसिन हे दुसरं अँटिबायोटिक चालूच होतं आणि दोन्ही औषधांविरोधी जीन एकाच प्लाझ्मिडवर होते. १९९८ला टायलोसिनही थांबल्यावर डुकरांतला उतरला. तुमच्या मालकानं सेफ्ट्रायाक्सोन सोडून ऑक्सिटेट्रासायक्लिन धरलं तर प्लाझ्मिडला काहीच फरक पडणार नाही. एसटी तीच, तिकीट काढणारा प्रवासी फक्त दुसरा.

माणगंगा_लॅब

वासरांचं आजच सांगितलं. शेण राहिलं. सध्या ओलंच बागेत जातं, उकिरड्यात महिनाभर पडून.

डाळिंब_आणि_जंतू

महिनाभर पडून राहिलेला सपाट उकिरडा म्हणजे न तापलेलं शेण. ढीग किमान सव्वा ते दीड मीटर उंच करा. शेणात उसाचं पाचट किंवा वाळलेला पालापाचोळा मिसळा, कार्बन-नायट्रोजन २५ ते ३०ला १ येईल असा. ओलावा ५० ते ६० टक्के; मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आतलं तापमान ५५ अंशांच्या वर १५ दिवस आणि त्या काळात पाच वेळा पलटी. पलटी चुकवली तर ढिगाचं पाऊण हात जाडीचं बाहेरचं साल थंडच राहतं, आणि त्यातूनच जंतू परत आत पसरतात. मीटरभर लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या आणि मधोमध न टोचता बाजूनं दोन-तीन ठिकाणी टोचून बघा.

यानं जिवंत ई. कोलाय जवळपास संपतो. इंटआय१सारखे जीन कमी होतात, शून्य होत नाहीत, कारण ढीग निवताना दुसरे जंतू वाढतात आणि त्यांच्याकडेही इंटिग्रॉन असतात. सेफ्ट्रायाक्सोन उष्णतेत बऱ्यापैकी मोडतं. टेट्रासायक्लिन शेणाच्या कणांना चिकटून बसतं आणि लवकर सोडत नाही, हे ऑक्सिटेट्रासायक्लिन न धरायला आणखी एक कारण. गोबरगॅसची स्लरी ३०–३५ अंशाचीच असते, ती या बाबतीत तापलेल्या ढिगाच्या मागे पडते. तीही ढिगात जिरवून मगच बागेत.

आणि ज्या आठवड्यात स्ट्रेप्टोसायक्लिनची फवारणी, त्या आठवड्यात खोडाशी शेण टाकायचं नाही. हे मालकाला वेगळं सांगा, कारण बहाराच्या वेळी दोन्ही कामं एकाच दिवशी उरकायची सवय असते.

माणगंगा_लॅब

बहार धरताना नेमकं तसंच होतं. ढीग गोठ्यामागे लावतोय, पाचट पलूसकडून मागवलंय. पीसीआरची पट्टी आली की इथंच टाकतो.